फाराबीचे आदर्श नगर

इसवी सन 942 च्या सुमारास तत्त्वज्ञ अबू नस्र अल-फाराबी बगदाद सोडून सीरियाकडे गेला, तेव्हा बगदादच्या अब्बासी घराण्यातील खलिफांकडे, म्हणजे इस्लामी साम्राज्याच्या सर्वोच्च शासकांकडे, नावापुरतीच सत्ता उरली होती. 932 मध्ये खलिफा अल-मुक्तदिर आपल्याच सेनापतीच्या फौजेशी लढताना मारला गेला होता आणि 936 पासून कारभाराची सूत्रे उघडपणे लष्करी सरदारांकडे गेली होती. अशा काळात, सत्ता बळकावता येते हे रोज दिसत असताना, फाराबीने राज्य करण्याचा अधिकार मुळात कशामुळे मिळतो हा प्रश्न हाती घेतला.

एकट्या माणसाला पूर्णत्व गाठता येत नाही, असे तो मानतो. घर, गल्ली, मोहल्ला आणि गाव हे समूह त्याला अपुरे वाटतात. खऱ्या सुखापर्यंत पोहोचण्यासाठी किमान नगर हवे. निरोगी शरीरात हृदय आणि इतर अवयव जसे एकमेकांच्या साह्याने चालतात, तसेच नगराचेही असते. मात्र अवयव निसर्गनियमाने काम करतात, नगरवासी ते स्वेच्छेने करतात, हा भेद तो आवर्जून सांगतो. त्याच्या राज्यविचाराचे मर्म इथेच सापडते.

राज्यकर्त्यासाठी तो 12 उपजत गुण सांगतो: तीव्र स्मरणशक्ती, ज्ञानाची ओढ, सत्याची चाड, धनाविषयी अनासक्ती, न्यायाची आवड, असे. इतके गुण एकाच व्यक्तीत क्वचितच एकवटतात, हेही तो मान्य करतो. म्हणून त्यानंतरच्या शासकासाठी तो सहा अटी घालतो आणि त्या एकात न आढळल्यास दोघांनी, तेही न जमल्यास सहा जणांनी एकमताने राज्य करावे, अशी मुभा देतो. सवलत नाही ती फक्त शहाणपणाबाबत. बाकी सर्व असून शासनात शहाणपण नसेल, तर ते नगर राजाविनाच आहे आणि कालांतराने त्याचा नाश अटळ आहे, असे तो बजावतो.

आदर्शापासून ढळलेल्या नगरांमध्ये संपत्ती, विलास, मानमरातब किंवा वर्चस्व यांनाच ध्येय मानणारी नगरे तो मोजतो. जिथे प्रत्येक जण स्वतंत्र असतो, ते नगरही याच यादीत येते. परंतु त्याविषयी लिहिताना त्याची लेखणी मवाळ होते: तिथे नाना देशांचे लोक ओढीने येतात, वाईटाबरोबर चांगलेही वाढते, कालांतराने तत्त्वज्ञ, वक्ते आणि कवी निपजतात, आणि आदर्श नगर उभे राहण्याची शक्यता इतर बहुतेक नगरांपेक्षा तिथे अधिक असते.