आकाश खालून वर भरायचं

श्रोतेहो, नमस्कार.

कौलारू घरात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना शाकारणी म्हणजे काय ते मी सांगायला नको. वैशाखात कौलं उतरायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि पुन्हा चढवायची. सुरुवात वळचणीपासून, शेवट आढ्याला. खालून वर. हे 'खालून वर' तेवढं ध्यानात ठेवा. आजची माझी गोष्ट इंग्लंडमधल्या एका खेड्यातली आहे, आणि तिथे एका आजीबाईंनी मला हेच पुन्हा शिकवलं.

माझी लेक नोकरीसाठी डर्बीशायरमध्ये राहते. इंग्लंडच्या साधारण मध्यावरचा हा डोंगराळ परगणा. ॲशबोर्न नावाचं बाजारगाव आहे, त्याच्या पुढे चढावर लेकीचं खेडं. दीड-दोनशे उंबरा, एक चर्च, एक सभागृह, एक पब. शाळा होती, ती मुलं कमी झाली म्हणून बंद पडली. फेब्रुवारी ते जुलै मी तिथे होते.

अशा खेड्याला तिथे पॅरिश म्हणतात. मूळ अर्थ एका चर्चच्या हाताखालचा मुलूख. 1894 च्या कायद्यानं गावकारभाराची पॅरिश चर्चपासून वेगळी झाली. तिची कौन्सिल म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची धाकटी बहीण म्हणा. बाकडी, मुलांचं मैदान, स्मशानभूमी, पायवाटा हे तिच्याकडे. अगदी चिमुकल्या पॅरिशमध्ये तर कौन्सिलही नसते, सगळे मतदार एकत्र बसतात आणि ठरवतात. आपली ग्रामसभाच ती. मला तर वाटतं ग्रामसभा अशीच हवी, साठ-सत्तर माणसांची, एकमेकांना नावानं हाक मारणाऱ्यांची. मोठ्या गावांनी वाडीवार सभा घ्याव्यात, हे मी आमच्या तालुक्यात कितीदा बोलले आहे.

असो. वर्ष कसं सरकतं ते सांगते.

मी पोचले आणि आठवड्याभरात ॲशबोर्नचा फुटबॉल आला. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होतो, त्याच्या आदल्या मंगळवारी आणि उपवासाच्या पहिल्या बुधवारी, असे दोन दिवस हा खेळ चालतो. मैदान नाही. सगळं गाव हेच मैदान. दोन गोल एकमेकांपासून तीन मैलांवर. मधून हेन्मोर नावाचा ओढा वाहतो. ओढ्याच्या उत्तरेला जन्मलेले एका बाजूला, दक्षिणेला जन्मलेले दुसऱ्या बाजूला. शेकडो माणसं चेंडूभोवती घोळका करून ओढ्यात उतरतात, आणि दुकानदार आधीच दुकानांना फळ्या ठोकून ठेवतात. त्याच मंगळवारी घरोघरी पॅनकेक. उपवासाआधी अंडी, लोणी, दूध संपवायचं, म्हणून अंड्याचं घावन घालायचं, वर लिंबू पिळायचं आणि साखर भुरभुरायची. पिठात चिमूटभर मीठ टाकायला विसरू नका.

मार्चमध्ये आयांचा रविवार. उपवासातला चौथा रविवार. चर्चमध्ये मुलं फुलांच्या छोट्या जुड्या घेऊन येतात आणि आपापल्या आईला देतात. मी मागच्या बाकावर बसले होते. एक पाच-सहा वर्षांचा मुलगा आला, त्यानं माझ्या मांडीवर पिवळ्या फुलांची जुडी ठेवली आणि पळाला. जुडीला लोकरीचा धागा बांधलेला होता. तो धागा अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

ईस्टरनंतर शीव फिरायची. आपल्याकडे शिवेच्या दगडाला नारळ फोडतात. तिथे व्हिकार, म्हणजे गावचे पाद्री, आणि गावकरी हद्दीवरून चालत जातात आणि खुणेच्या दगडांवर काठ्या आपटतात. पूर्वी लहान मुलांना त्या दगडांवर धरून आपटत, म्हणजे हद्द जन्मभर लक्षात राहावी! नकाशे घरोघरी नव्हते तेव्हाची ही रीत. एकोणतीस मेला तिकडे वर कॅसलटन गावात एक माणूस घोड्यावर बसतो आणि त्याला डोक्यापासून कमरेपर्यंत झाकणारा फुलांचा घंटेसारखा ढाचा घालतात. संध्याकाळी तो ढाचा दोरानं चर्चच्या मनोऱ्यावर चढवतात. शिवाय दर आठवड्याला घंटांची तालीम. सहा घंटा, सहा माणसं, सहा दोर. सूर तेच, क्रम दर वेळी निराळा. सहा घंटांचे 720 क्रम होतात, आणि ते न चुकता वाजवायचे असतात. आमच्या जत्रेत छाती हादरवणारे स्पीकर लावतात, त्या पोरांना या मनोऱ्याखाली नेऊन उभं करावं असं मला फार वाटतं. ढोल आपला, सनई आपली. हातानं वाजवा ना.

सुगीचा सण मी पाहिला नाही, तो सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो. त्याला आजचं रूप 1843 साली कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावच्या व्हिकारांनी दिलं, रॉबर्ट हॉकर त्यांचं नाव. आपलं नवान्नच ते.

आता विहिरीकडे येते. खरं तर मी विहिरीसाठीच बोलायला बसले आहे.

डर्बीशायरचा हा भाग चुनखडीचा. पाऊस पडतो आणि खडकाच्या भेगांतून खाली निघून जातो, वर ओहोळ टिकत नाही. कोकणातल्या माणसाला हे दुःख समजतं. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जांभ्याच्या सड्यावर मेमध्ये टँकर येतो. तर अशा मुलखात जिथे झरा बारमाही वाहतो, तिथे माणूस हात जोडणारच. टिसिंग्टन गावात सहा झरे-विहिरी आहेत. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, तिथे त्या सजवतात. त्याला वेल ड्रेसिंग म्हणतात. रीत का पडली, याची गावात दोन कारणं सांगतात. एक, 1349 च्या प्लेगात या पाण्यानं गाव वाचलं. दुसरं, 1615 च्या दुष्काळात हे झरे आटले नाहीत. त्याच परगण्यातल्या वर्क्सवर्थमध्ये 1827 साली नळाचं पाणी आलं, तर तिथल्या लोकांनी नळच फुलांनी सजवले. नळ आला म्हणून पाण्याचा मान गेला नाही. आणि आपण? नळ आला त्या वर्षी आमच्या आळीतल्या विहिरीवरचा रहाट काढला, आणि पुढे तिच्यात काय काय टाकलं ते बोलवत नाही. ज्या विहिरीचं पाणी पिऊन आपल्या आज्या-पणज्या जगल्या, तिच्यात कचरा टाकू नका. पुन्हा सांगते, विहिरीत कचरा टाकू नका.

लेकीच्या गावी ही सजावट जूनच्या अखेरीस असते. सभागृहाच्या दारावर पाळीचा कागद लागला, वेळ आणि नाव. मी लेकीला म्हटलं, माझं नाव घाल. रांगोळीला माझा हात बरा आहे.

आधी लाकडी फळ्या तीन दिवस गावतळ्यात बुडवून ठेवल्या होत्या. कोरडी फळी मातीतलं पाणी शोषते आणि माती तडकते. फळ्यांवर खिळे ठोकलेले, माती धरून राहावी म्हणून. मग माती. पाणी आणि मीठ घालून ती पायांनी तुडवायची. मिठानं ओल टिकते. तुडवायला सगळी पोरं, रबरी बूट घालून आणि काही अनवाणी. ती माती फळीवर बोटभर जाड थापायची, वर चित्राचा कागद ठेवायचा आणि सुईनं टोचून रेघा मातीत उतरवायच्या. कागद काढला की रेघांवर छोटी काळी बोंडं बसवायची, ओढ्याकाठच्या अल्डर झाडाची. ही झाली चौकट. मग पाकळ्या. रंग नाही, प्लॅस्टिक नाही, सगळं झाडामाडाचं.

माझ्याकडे आकाश आलं. चित्रात एक मेंढपाळ होता आणि त्याच्यावर मोठं निळं आकाश. निळ्या हायड्रेंजियाच्या पाकळ्या आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत निवडून ठेवलेल्या, गडद एका डब्यात, फिकट दुसऱ्यात. मी आकाश म्हणून वरून सुरुवात केली. एकेक पाकळी अंगठ्यानं दाबत, गडदाकडून फिकटाकडे, तासाभरात वीतभर पट्टा भरला. सुंदर दिसत होता, हे मी आजही म्हणेन.

काम ज्यांच्या देखरेखीखाली होतं त्या आजी ऐंशीच्या पुढच्या. बोटं सांध्यांत वाकलेली, नखांत माती. त्या आल्या, वाकल्या, बघितलं. डर्बीशायरात माणसं प्रेमानं एकमेकांना 'मी डक' म्हणतात, म्हणजे 'माझ्या बदका'. आपल्याकडे 'गो बाय' म्हणतात ना, तसं. त्या म्हणाल्या, "मी डक, पाऊस कुठून येतो?"

मी म्हटलं, "वरून."

"मग पाणी पाकळीवर पडलं की कुठे जाणार?"

मी पट्ट्याकडे पाहिलं. वरची ओळ आधी लावलेली, खालची ओळ तिच्यावर चढलेली. प्रत्येक पाकळीचं तोंड वर उघडं. आणि मला एकदम आमचा माळा आठवला. मी नऊ-दहा वर्षांची असताना एका वर्षी शाकारणीला नेहमीचे काका आजारी होते, दुसराच कुणी चढला आणि घाईत मागच्या पाखीवर दोन ओळी उलट्या ठेवून गेला. मृगाच्या पहिल्या रात्री माळ्यावरचं भात भिजलं. आई रात्रभर पोती सरकवत होती. ते भात पुढे पडवीत पसरलं तेव्हा त्याला आलेला आंबूस वास माझ्या नाकात अजून आहे.

मी आजींना म्हटलं, "कळलं. घरावरच्या कौलांसारखं."

त्या म्हणाल्या, "अगदी तस्सं."

तासाभराचं काम मीच उचकटलं. पाकळ्या वाया गेल्या, माती पुन्हा सारखी केली. मग खालून. आधी सगळ्यात खालची ओळ, तिच्यावर थोडी चढलेली दुसरी, तिच्यावर तिसरी. वळचणीकडून आढ्याकडे. रात्रीचे साडेअकरा झाले. डाव्या कोपऱ्यात वर चार बोटांची पट्टी मात्र तशीच राहिली, पहिल्या उलट्या कामातली. मी फार दमले होते. म्हटलं, एवढीशी राहू दे. आजी काही बोलल्या नाहीत.

शनिवारी सकाळी ट्रॅक्टरवरून फळ्या आणल्या आणि झऱ्यावर उभ्या केल्या. व्हिकारांनी प्रार्थना म्हटली, मुलांनी गाणं म्हटलं, सभागृहात चहा आणि केक झाला. रविवारी रात्री पाऊस आला. तिकडचा पाऊस भुरभुरा असतो म्हणतात, पण त्या रात्रीचा आमच्यासारखा होता. मला झोप लागली नाही.

सोमवारी उजाडताच छत्री घेऊन झऱ्यावर गेले. आकाश जसंच्या तसं होतं. थेंब एका पाकळीवरून दुसरीवर, तिच्यावरून तिसरीवर घसरत खाली चौकटीवरून टपटप पडत होते, पागोळ्या पडतात ना, तसे. फक्त डावा कोपरा. चार बोटांची ती पट्टी फुगली होती, पाकळ्या तपकिरी होऊन वळल्या होत्या आणि त्यांच्यामागून मातीचा ओघळ थेट मेंढपाळाच्या खांद्यापर्यंत उतरला होता.

मी तिथेच उभी राहिले. मागून काठीचा आवाज आला. आजी. अंगात रेनकोट, हातात आइस्क्रीमचा डबा, त्यात निळ्या पाकळ्या. रात्री पाऊस सुरू झाला तेव्हाच त्यांनी अंगणातला हायड्रेंजियाचा गुच्छ कापून घरात पाण्यात ठेवला होता. मला एक शब्द बोलल्या नाहीत. डबा माझ्या हातात दिला आणि छत्री माझ्या डोक्यावर धरली. मी काडीनं पट्टी खरवडली, माती सारखी केली आणि खालची ओळ आधी लावली.

आठवड्यानं फुलं सुकली. पाकळ्या आणि बोंडं खतात गेली, माती खरवडून पिंपात भरली, फळ्या धुऊन एका गोठ्यात उभ्या केल्या. पिंपावर आजींनी ओलं गोणपाट टाकलं. मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी मला माझं नाव अक्षर अक्षर सांगायला लावलं, आणि पुढच्या वर्षीच्या कागदावर 'आकाश' या शब्दापुढे लिहून घेतलं.

यंदा जूनमध्ये मी जाते आहे. शाकारणी उरकून निघेन.

नमस्कार.