भिंतीआडची हरणं

नमस्कार श्रोतेहो.

ऑक्टोबरात आपल्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची गोडी छाटणी जोरात असते. पानं उतरवायची, काडी मोकळी करायची, नव्या फुटीची वाट बघायची. इंग्लंडात त्याच दिवसांत झाडं हे काम आपलं आपण करतात. दिवस आखूड झाला, गारठा वाढला की पानातलं हरितद्रव्य विरतं आणि खाली दडलेला पिवळा रंग वर येतो. ओकची पानं तांबूस होतात, आणि जमिनीवरचं कमरेएवढं नेच्याचं रान गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचं. असे डोंगरच्या डोंगर बघायला लंडनबाहेर जावं लागेल असं मला वाटत होतं. पण लेकीनं नेलं ते भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाइननं, शेवटच्या स्टेशनावर. रिचमंडला.

आमच्या ह्यांची यादी वेगळी होती. राजवाडा, टॉवरचा पूल, मेणाचे पुतळे. लेक म्हणाली, "बाबा, पुतळे डिसेंबरातही तिथंच उभे असतील. हरणांचा माज मात्र ऑक्टोबरातच." झालं, यादी खिशात गेली.

रिचमंड पार्क म्हणायला बाग, पण आहे अडीच हजार एकरांची. राजा पहिला चार्ल्स यानं 1637 साली शिकारीसाठी हा सगळा माळ भिंत घालून बंदिस्त केला. त्यात लोकांच्या जमिनी होत्या, जाण्यायेण्याच्या वाटा होत्या. भिंत अजून उभी आहे. मला त्या राजापेक्षा जॉन लुईस नावाचा एक बिअर गाळणारा जास्त आवडला. पुढं शंभरेक वर्षांनी राजकन्या अमेलियाच्या हाती या पार्कचा कारभार आला आणि तिनं सामान्य माणसाला दारं बंद केली. लुईस कोर्टात गेला आणि 1758 साली जिंकला. असं सांगतात, की न्यायाधीशांनी विचारलं, भिंतीत दार हवं की भिंतीवर शिडी? लुईस म्हणाला, शिडी. कारण हरणं बाहेर जाऊ नयेत म्हणून दार लोटलेलं ठेवावं लागणार, आणि लोटलेलं दार दिसलं की परका माणूस मागं फिरणार. राजकन्येच्या माणसांनी मग शिडीच्या पायऱ्या मुद्दाम लांब लांब ठेवल्या म्हणे. लुईस पुन्हा कोर्टात! पायऱ्या अशा करा की म्हाताऱ्या बायकांना आणि पोरांनाही चढता येईल, असा हुकूम निघाला. माझे गुडघे लक्षात घेता मी त्या न्यायाधीशांना मनोमन नमस्कार केला.

आता हरणांकडे येते. आवाज आधी आला. भरलेला ट्रक कसारा घाट चढताना गिअर अडकून घरघरावा, तसा. लेकीनं माझा दंड धरला. "आई, इथंच थांब." पन्नास मीटर अंतर राखायचं, हा तिथला नियम. नेच्यातून नर बाहेर आला. तांबड्या हरणाचा नर, अंगानं आपल्या सांबरासारखा भक्कम. चिखलात आणि स्वतःच्या मुतात लोळून मानेचे केस काळे, चिकट झालेले. शिंगांत नेच्याचा भलामोठा झुबका अडकला होता. तो चुकून अडकत नाही बरं का. गवतात, झुडपात शिंगं घुसळून नर ते मुद्दाम चढवून घेतात, थोराड दिसायला. ह्यांचं म्हणणं, "मुंडावळ्या बांधून आलाय."

समोरून दुसरा आला. मला वाटलं, आता टक्कर. पण दोघं एकमेकांकडे न बघता शेजारी शेजारी चालू लागले. थोडं जायचं, वळायचं, परत यायचं. समोरच्याचा अंगलोट किती, दम किती, हा हिशेब त्या चालण्यात होतो. बहुतेकदा एकजण तिथंच माघार घेतो. इथं कुणी घेईना. मग एका क्षणी दोघं वळले आणि शिंगात शिंग अडकलं. खाड्ड असा कोरडा आवाज. मागचे पाय मातीत रुतवून एकमेकांना रेटणं चाललं होतं. नंतर एक मागं सरकला आणि पळाला. जिंकलेल्यानं चार पावलं पाठलाग केला, पुन्हा घरघरला, आणि माद्यांकडे गेला. माद्या सगळा वेळ चरत होत्या. एकीनंही मान वर केली नाही!

आपल्या येवल्याजवळ ममदापूरला काळवीट आहेत. त्यांची पीळदार शिंगं जन्मभर डोक्यावर राहतात. या तांबड्या हरणांची मात्र दर वसंतात गळून पडतात आणि उन्हाळ्यात नव्यानं वाढतात. एवढा मोठा डोलारा दरवर्षी पहिल्यापासून उभा करायचा!

तेवढ्यात डोक्यावरून किर्र करत हिरवा थवा गेला. मी वर पाहिलं तर राघू! आपले, गळ्यात कंठी असलेले. पिंजऱ्यातून सुटलेल्यांची ही वाढलेली वस्ती. 1970 च्या आसपासपासून ते तिथं घरटी करताहेत. जिमी हेंड्रिक्स नावाच्या गिटारवाल्यानं जोडी सोडली, अशी दंतकथा आहे. अभ्यासकांनी तपासली, तिला काही आधार सापडला नाही.

ह्यांनी मध्येच जमिनीवरचं टपोरं चेस्टनट उचलून खिशात टाकलं. पार्कचे एक वयस्कर स्वयंसेवक हसत आले, म्हणाले, हे हरणांचं थंडीचं खाणं आहे, तेवढं परत ठेवा. त्यांच्याशी मग गप्पा रंगल्या. इथं सहाशेच्या वर हरणं आहेत. दरवर्षी नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत रात्री दारं बंद करून काही हरणं नेमबाजांकडून मारावी लागतात. मी चरकले. ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडचे लांडगे आम्ही कधीच संपवले. मग ते काम कुणीतरी करायला हवं. नाही केलं तर कळप वाढतो आणि हिवाळ्यात उपाशी मरतो."

मला विचाराल तर त्याला रान म्हणायला जीभ वळत नाही. ते राखलेलं कुरण आहे, अतिशय निगुतीनं राखलेलं. आपल्याकडे भिंत नाही. सिन्नर-निफाडच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, तोडणीत बछडे सापडतात, आणि वनखात्याची माणसं ते क्रेटमध्ये ठेवून रात्रभर आईची वाट बघतात. रात्री बागेला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाची भीती खोटी नाही, ओट्यावरून ओढून नेलेली माणसंही खोटी नाहीत. पण शिकारी प्राणी एकदा संपवला की त्याची बंदूक आपल्याच खांद्यावर येते, हे मला रिचमंडमध्ये नीट कळलं.

परतताना किंग हेन्रीज माउंड या टेकाडावर चढलो. तिथल्या कुंपणाच्या झाडीत एक फट राखली आहे. दुर्बिणीतून बघितलं की सोळा किलोमीटरवरचा सेंट पॉल चर्चचा घुमट दिसतो. मध्ये उंच इमारत येऊ नये म्हणून त्या दृश्याला संरक्षण आहे.

तुमचं कुणी तिकडं असेल आणि जाणं ऑक्टोबरात होणार असेल, तर सकाळी लवकर निघा. धुकं असतं आणि नर तेव्हा जास्त ओरडतात. प्रवेशाला तिकीट नाही. चिखलात चालतील असे बूट घ्या, जाड मोजे घ्या. डबा नक्की न्या, पण हरणांच्या जवळ उघडू नका. नमस्कार.