घड्याळ मागे का पडतं? क्वार्ट्झ क्रिस्टल आणि त्याचे दोन कॅपॅसिटर

(समोर आरटीसी मॉड्यूल)

आरटीसी (रिअल-टाइम क्लॉक, म्हणजे वेळ राखणारी) चिप लावून घड्याळ केलंत, आणि ते रोज काही सेकंद मागे पडतंय? कोड नंतर तपासा. आधी चिपशेजारची ती बारीक चंदेरी नळी, म्हणजे क्रिस्टल, बघा.

नळीच्या आत क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्याच खनिजाचा, दोन दातांचा चिमुकला काटा असतो. क्वार्ट्झला व्होल्टेज दिलं की तो किंचित वाकतो, आणि वाकवला की स्वतः व्होल्टेज देतो. हाच पिझोइलेक्ट्रिक परिणाम; त्यातलं वाकवल्यावर व्होल्टेज मिळणं क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. चिपमधला इन्व्हर्टर (घरातला नव्हे, सिग्नल उलटवून वाढवणारं सर्किट) हे इवलंसं व्होल्टेज मोठं करून क्रिस्टलला परत देतो. काट्याच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीचं कंपन तेवढं टिकतं, बाकीची विरतात. ती फ्रिक्वेन्सी असते ३२,७६८ हर्ट्झ. तिला १५ वेळा निम्मं केलं की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो.

मायक्रोकंट्रोलरच्या १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टलच्या डबीत काटा नसतो. तिथे असते जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीची चकती. चकती जितकी पातळ, तितकी फ्रिक्वेन्सी जास्त.

आता मुख्य मुद्दा. क्रिस्टलवर लिहिलेली फ्रिक्वेन्सी ठरावीक लोड कॅपॅसिटन्सलाच, म्हणजे क्रिस्टलला सर्किटकडून दिसणाऱ्या एकूण कॅपॅसिटन्सलाच, खरी असते. डेटाशीटमध्ये १२.५ पिकोफॅराड लिहिलंय समजा. पिन आणि ट्रॅकचे मिळून ३ धरा. उरले ९.५. क्रिस्टलच्या दोन पिनांवरचे दोन कॅपॅसिटर सिरीजमध्ये येतात, म्हणून प्रत्येकी दुप्पट, १९. बाजारात १८ मिळतो, तो लावा. ‘सगळीकडे २२ चालतो’ हा सल्ला मात्र सोडून द्या. कॅपॅसिटर मोठा झाला की घड्याळ मागे पडतं, लहान झाला की पुढे पळतं. फारच मोठा असेल तर ऑसिलेटर (क्रिस्टल आणि इन्व्हर्टरचं हे सर्किट) सुरूच होत नाही.

डीएस१३०७ या आरटीसी चिपमध्ये हे कॅपॅसिटर आतच असतात, त्यामुळे बाहेर काही लावायचं नाही. पण क्रिस्टल १२.५ पिकोफॅराडचंच हवं. दिसायला हुबेहूब तसंच ६ पिकोफॅराडचं बसवलंत, तर घड्याळ मागे पडणारच.

कॅपॅसिटर बरोबर असूनही तापमान उरतंच. हा काटा २५ अंशांना सर्वात वेगात कंप पावतो. गरम करा नाहीतर थंड, तो मंदावतोच. नागपूरच्या उन्हाळ्यात ४५ अंशांना साधारण १४ पीपीएमचा (दहा लाखांत १४) फरक पडतो, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास. हे नको असेल तर डीएस३२३१ ही आरटीसी चिप घ्या. तिच्यात क्रिस्टल आतच असतं आणि तापमान मोजून दुरुस्तीही होते; ० ते ४० अंशांत चूक ±२ पीपीएम.

(जवळून: ऑसिलोस्कोपचा प्रोब)

क्रिस्टलच्या पिनवर प्रोब लावून फ्रिक्वेन्सी मोजू नका. १०एक्स प्रोबचेसुद्धा दहा-पंधरा पिकोफॅराड त्यात मिसळतात. आकडा चुकतो, कधी ऑसिलेटर बंदच पडतो. चिपच्या क्लॉक आउटपुटवर मोजा. सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला असेल तर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, दमट हवेत त्यातून गळती होते. बोर्ड अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये टाकू नका, आतला काटा तुटू शकतो.

आणि अर्डुइनो ऊनो आर३ बोर्डवरची ती ठळक चंदेरी डबी? ती यूएसबीच्या चिपची. मुख्य चिपला सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याची चूक अर्धा टक्का धरली, तरी दिवसाला सात मिनिटं होतात. आरटीसीशिवाय, नुसत्या मिलिस या मिलिसेकंद मोजणाऱ्या फंक्शनवर घड्याळ चालवायचं असेल, तर हा आकडा आधी डोळ्यांसमोर ठेवा.