कंटेंट सेम आहे, मॅडम

मागचे जरा पुढे या, माझा आवाज चढत नाही. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्टही नाही. माझ्या मुलीला सिलिॲक आहे, नवीन आलेल्यांसाठी सांगते, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन नावाचं प्रोटीन पोटात गेलं की आतड्याला इजा होते, आठ वर्षं झाली, आणि या आठ वर्षांत मी मेडिकलच्या काउंटरवर जेवढे वाद घातलेत ना, त्यातले निम्मे तरी चुकीच्या पद्धतीने घातले, तेच सांगायला आलेय.

पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं, ह्यात ग्लुटेन आहे का? तर पोरगा म्हणाला शुगर फ्री ना, आहे की, आणि चहात टाकायच्या गोळ्यांची डबी पुढे केली! हसताय, पण त्याने तो शब्द कधी ऐकलेलाच नव्हता. मग मी गव्हाची ॲलर्जी म्हणायला लागले. सिलिॲक म्हणजे ॲलर्जी नव्हे हे इथे सगळ्यांना माहितीये, पण ॲलर्जी म्हटलं की काउंटरवरचा माणूस थांबतो, म्हणून तिथे मी बिनधास्त तोच शब्द वापरते. तरी तो म्हणालाच, मॅडम गोळीत गहू कशाला असेल?

तर गोळीत औषध कधी कधी चिमूटभर पण नसतं, बाकी सगळा भराव, त्यात स्टार्च आलं. ते बहुतेक वेळा मक्याचं नाहीतर बटाट्याचं असतं, पण गव्हाचंही वापरता येतं, आणि आपल्याकडच्या स्ट्रिपवर औषधाचं नाव असतं, स्टार्च कशाचं ते नसतं. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोड कंपल्सरी झाला, मला वाटलं सुटलो, स्कॅन केला तर बॅच, एक्स्पायरी, कंपनीचा पत्ता, लायसन नंबर. झालं.

आता घाबरू नका, हिशेब बघा. औषधासाठीच्या गव्हाच्या स्टार्चमध्ये प्रोटीन ०.३ टक्क्याच्या वर नको असा युरोपचा नियम आहे, म्हणजे गोळीत असं १०० मिलिग्रॅम स्टार्च असलं तरी प्रोटीन जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम. आपण ग्लुटेन फ्री म्हणून जे बिस्किट आणतो त्याला किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मुभा असते, म्हणजे ३० ग्रॅम बिस्किटांतून ०.६ पर्यंत जाऊ शकतं. म्हणून ताप १०३ असताना, किंवा फिटची गोळी चुकवून, स्टार्च शोधत बसायचं नाही, कृपा करा. गोळी द्यायची, चौकशी नंतर.

खरा धोका त्याच दुकानात पण दुसऱ्या फळीवर असतो. आजारी पोराला ताकद यावी म्हणून जी माल्टची पावडर देतात ना, ते माल्ट बार्लीचं, कधी गव्हाचंसुद्धा, आणि ते चमच्याने पोटात जातं. तशीच हिंगाची गोळी, पाचक चूर्ण. बांधानी हिंगात मैदा मिसळलेला असू शकतो, आणि माझ्या सासूबाईंनी तीच गोळी प्रेमाने वर्षभर दिली आणि मी इकडे पॅरासिटामॉलवर संशय घेत बसले होते!

आता त्या वाक्याकडे येते, कंटेंट सेम आहे मॅडम. डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड संपला की दुसरा पुढे येतो या वाक्यासकट, आणि कंटेंट सेम असतोच, खोटं बोलत नाहीत ते, पण आपलं भांडण कंटेंटशी नाहीच ना, भरावाशी आहे, आणि तो कंपनीगणिक बदलतो. आपल्या ड्रग्ज रूल्समध्ये तर स्पष्ट आहे की शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं, औषध चिठ्ठीवर देताना त्याच्या बदली दुसरं द्यायचं नाही, आत तेच द्रव्य असलं तरीही. पण हा नियम मी एकदाच ऐकवला, त्या दुकानात परत जाता आलं नाही.

त्यापेक्षा दुपारी जा, संध्याकाळी सातला नको, लाईन असते, आणि ज्याचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय त्या फार्मासिस्टलाच विचारा. ग्लुटेन फ्री आहे का असं विचारूच नका, कारण कंपनी म्हणणार आम्ही टेस्ट करत नाही आणि विषय संपला. विचारायचं, ह्यात स्टार्च कशाचं आहे, मका, बटाटा, टॅपिओका की गहू? सोडियम स्टार्च ग्लायकोलेट असेल, तेही स्टार्चचंच केलेलं, तर ते कशापासून? त्याचं उत्तर कंपनीकडे असतं. खोक्यावर ईमेल असला तर मेल मीच टाकते, नसला तर आमच्या मेडिकलवाल्या काकांना म्हणते तुमच्या एमआरला, म्हणजे कंपनीच्या माणसाला, विचारा ना, ते येतातच दर महिन्याला. आणि डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, सिलिॲक आहे, न विचारता ब्रँड बदलू नये. आमच्या काकांनी कॉम्प्युटरवर मुलीच्या नावापुढे तेच टाकलंय, आता नवीन पोरगा असला तरी बिल करताना त्याला दिसतं.

उत्तर आलं की स्ट्रिपचा फोटो आणि तारीख मोबाईलमध्ये ठेवते. वर्षाने परत विचारते, कारण कंपनी स्टार्चवाला बदलते आणि खोकं तेच राहतं.