बॉक्सवरचे चाळीस हजार व्होल्ट

(नाशिकमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी, गॅरेजवाले आणि गाडीवेडी मंडळी अशा मिश्र श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

इग्निशन कॉइल म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारी गुंडाळी. जास्त ताकदीची म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कॉइलच्या बॉक्सवर ‘४०,००० व्होल्ट’ असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो. तुमच्या गाडीत तो कधी लागतो का, एवढंच तो बॉक्स सांगत नाही. कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत व्होल्टेज चढत जातं, प्लगच्या गॅपमधलं (दोन टोकांमधल्या फटीतलं) हवा-पेट्रोलचं मिश्रण फुटतं, म्हणजे त्यातून वीज आरपार जाते, ठिणगी पडते आणि त्या क्षणी व्होल्टेजचं चढणं संपतं. लगेच ते घसरून हजाराच्या आसपास येतं आणि त्यावर ठिणगी एखाद-दोन मिलिसेकंद टिकते. गॅप बारा हजाराला फुटली तर प्लगला बारा हजारच मिळाले. उरलेले अठ्ठावीस हजार राखीव. राखीव असावेतच, पण त्यांच्यामुळे गाडी पळत नाही.

शेगडी लायटरने पेटली की पेटली, मोठा लायटर आणला म्हणून भात लवकर शिजत नाही. आज मी जे सांगणार आहे ते जवळपास एवढंच. कठीण भाग पुढे आहे: शेगडी दर वेळी खरंच पेटते का, हे तपासायचं कसं?

या प्रश्नाशी आपल्या शहराची जुनी ओळख नाही. तसा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, नाशिकला नवा नाही. स्कॉर्पिओ २००२ साली आली ती इथल्या कारखान्यातून. मायको सर्कलला ज्या कंपनीचं नाव मिळालं, तिचा इथला कारखाना डिझेलच्या इंजेक्टर-नोझलचा. म्हणजे सातपूर-अंबडच्या मिस्त्रीचा हात डिझेलवर बसलेला, आणि डिझेलमध्ये ठिणगीच नाही. दाबून तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. वर्षानुवर्षं आपल्याकडे टर्बो म्हणजे डिझेल, असंच समीकरण होतं. मग पोलो जीटी आली, बूस्टरजेट इंजिन आलं, एक लिटरची तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल इंजिनं गल्लोगल्ली दिसू लागली. टर्बो आणि ठिणगी ही जोडी आपल्या गॅरेजांत अशी उशिरा आली, आणि तिच्यामागून लगेच इरिडियम प्लग, ‘हाय परफॉर्मन्स’ कॉइल, ग्राउंडिंग किट असा सगळा बाजार आला.

आता टर्बोत ठिणगीला अडचण काय होते ते बघू. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिलं की दोन टोकांमधला वायू फोडायला लागणारं व्होल्टेज हे वायूचा दाब आणि टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. इंजिनमध्ये तापमान बदलत असतं, म्हणून दाबाऐवजी घनता म्हणणं जास्त बरोबर. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. इथे हवेचा दाब ९४-९५ किलोपास्कलच्या घरात. साध्या पेट्रोल गाडीत पाय पूर्ण दाबला तरी सिलिंडरकडे जाणारी हवा फार तर या दाबाची. टर्बोने त्यावर एक बार (१०० किलोपास्कल) बूस्ट, म्हणजे जादा दाब, चढवला की आकडा दुपटीच्या पुढे. तीच गॅप फोडायला आता जवळजवळ दुप्पट व्होल्टेज हवं. म्हणून साध्या इंजिनात प्लगची गॅप एक-सव्वा मिलिमीटरपर्यंत चालते, आणि टर्बोत ती ०.६ ते ०.८ ठेवतात.

यात एक गोम आहे. नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटून होणारी ठकठक) ऐकू आलं की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. तोवर पिस्टन आणखी वर आलेला असतो, दाब आणखी वाढलेला असतो, आणि व्होल्टेजची मागणीही वाढते. कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढताना, गाडी भरलेली, तिसरा गिअर, आरपीएम कमी आणि बूस्ट पूर्ण, अशा वेळी गाडी मिसिंग मारते, म्हणजे मधूनच ठिणगी चुकून झटके देते. तीच गाडी सपाटीवर मख्खन चालते. गिऱ्हाईक म्हणतं, पेट्रोलमध्ये पाणी आहे. पेट्रोल काढायच्या आधी प्लग काढून गॅप बघा. वापराने टोकं झिजतात, गॅप वाढते, कोपरे गोल होतात, आणि गोल कोपऱ्यावरून ठिणगी निघायला जास्त व्होल्टेज लागतं. इरिडियमचा खरा फायदा इथे आहे. मधलं टोक ०.४ किंवा ०.६ मिलिमीटरचं, बारीक आणि न झिजणारं, त्यामुळे कमी व्होल्टेजमध्ये काम होतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. गॅप लावताना मात्र त्या टोकाला फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्टीने) रेटू नका, ते तुटतं. वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी.

कॉइलबद्दल थोडं गणित करू. चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमाराला ही पद्धत मोटारीत आणली, आणि तत्त्व आजही तेच आहे. कॉइलमध्ये करंट भरायचा आणि झटक्यात तोडायचा. साठलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइल करते तो विरोध) गुणिले करंटचा वर्ग. तीन मिलिहेन्रीची कॉइल आणि आठ अँपिअर करंट धरला तर ९६ मिलिज्यूल. करंट भरायला जो वेळ लागतो त्याला ड्वेल म्हणतात. या कॉइलला साडेतेरा व्होल्टवर दोन-अडीच मिलिसेकंद पुरतात. ६,००० आरपीएमला एका सिलिंडरची पाळी दर वीस मिलिसेकंदांनी येते, म्हणजे प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर वेळेची चणचण नाही. जुन्या डिस्ट्रिब्यूटरच्या काळात एकच कॉइल चार सिलिंडर सांभाळायची, वेळ चौथा हिस्सा, तेव्हा जोरदार कॉइलला खरंच अर्थ होता. आजची बरीचशी जाहिरात त्या काळच्या गरजेवर चालली आहे, असं माझं मत.

आता समजा कोणी दुप्पट इंडक्टन्सची ‘मोठी’ कॉइल बसवली. ईसीयूला हे कळत नाही. त्याच्या तक्त्यात ड्वेल जुन्या कॉइलची आहे, तेवढाच वेळ तो देतो. तेवढ्या वेळात करंट निम्माच चढतो. निम्म्याचा वर्ग पाव, इंडक्टन्स दुप्पट, गुणाकार करा: ऊर्जा निम्मी. पैसे मोजून ठिणगी अशक्त करून घेतली! (हशा) रेझिस्टन्स धरला तर आकडा थोडा हलेल, दिशा तीच राहील. उलट कमी इंडक्टन्सची कॉइल जुन्या ड्वेलवर चालवली तर कोअर, म्हणजे तिचा लोखंडी गाभा, सॅच्युरेट होतो, त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, पुढचा करंट नुसती उष्णता होतो आणि कॉइल किंवा तिचा ड्रायव्हर (तिला करंट देणारं सर्किट) जळतो. तेव्हा कॉइल बदलली तर ड्वेलचा तक्ताही बदलायला हवा. विक्रेत्याला विचारा की याचा ड्वेल चार्ट आहे का. तो गप्प बसला तर डबा खाली ठेवा.

चाचणीकडे येऊ. नेहमी होतं ते असं. गाडीचे प्लग चाळीस हजार किलोमीटर चाललेले. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर, एक फेरी. मग नवे प्लग, नव्या कॉइल, दुसरी फेरी, आणि कागदावर पाच हॉर्सपॉवर जास्त. गाडीमालक खूश, विक्रेता खूश. पण तुलना झाली झिजलेल्या मालाची नव्या मालाशी. कंपनीचेच नवे प्लग टाकले असते तरी यातले किती मिळाले असते? म्हणून पहिली अट: आधी कंपनीचे नवे प्लग, योग्य गॅप लावून, आणि ती तुमची सुरुवातीची रेघ.

दुसरी अट, एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, कॉइल आणि मॅप (ईसीयूमधले तक्ते) तिन्ही एकदम बदलले तर श्रेय कुणाला द्यायचं? प्लगची हीट रेंजही (उष्णता बाहेर टाकायची क्षमता) हलवू नका. तिथे आणखी एक घोळ आहे: एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा आकडा वाढला की प्लग गरम. आकडा बघून मोठा तो चांगला, असं समजून प्लग घेणारे मी पाहिले आहेत.

तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी पाळली जाणारी. जुनं, नवं, परत जुनं. नवा भाग काढून जुना पुन्हा लावायचा आणि फरक परत गेला का ते बघायचं. गेला तरच तो त्या भागाचा. का म्हणून विचाराल, तर पार्ट बदलायला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्यात टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर निवतो. आधीच्या फेऱ्या तापलेल्या इंटरकूलरवर झालेल्या, ईसीयूने गरम हवा बघून टायमिंग मागे ओढलेलं. नव्या भागाच्या पहिल्या फेरीला थंड हवा मिळते आणि आलेख वर जातो. हा फायदा इंटरकूलरचा, जमा होतो कॉइलच्या खात्यावर. दुसरी चलाखी बॅटरीची. काम करताना मिस्त्री टर्मिनल काढतो, बऱ्याच गाड्यांत ईसीयूने शिकून ठेवलेलं नॉकिंगचं रिटार्ड (मागे घेतलेलं टायमिंग) पुसलं जातं, आणि पुढचे काही किलोमीटर गाडी तरतरीत वाटते. गिऱ्हाईक चक्कर मारून येतं आणि म्हणतं, वा, पिकअप वाढला! आठवड्याने विचारलं तर उत्तर वेगळं असतं.

हवेचंही बघा. निफाडची थंडी सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबरात सकाळी १० अंश आणि मार्चच्या दुपारी ३५ अंश, एवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे ८ टक्क्यांनी बदलते. कुठलाही प्लग ८ टक्के देत नाही. म्हणजे सकाळी एक आणि दुपारी दुसरी फेरी घेतली तरी तुम्ही मोजताय ते हवामान.

डायनोचा कागद हातात आला की त्यावरचा करेक्शन फॅक्टर बघा. एसएई जे१३४९ या मोजणीच्या मानकाची प्रमाण हवा म्हणजे ९९ किलोपास्कल आणि २५ अंश. नाशिकचा दाब कमी, म्हणून सॉफ्टवेअर आकड्यात पाच-सहा टक्के घालून देतं. साध्या इंजिनाला ते योग्य. टर्बो गाडीत मात्र ईसीयू वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) सांभाळून ठरलेला बूस्ट गाठतोच, उंचीचा तोटा बराचसा टर्बोने भरून काढलेला असतो. त्यावर पुन्हा करेक्शन म्हणजे त्याच भरपाईची दुसऱ्यांदा वसुली. तुलनेसाठी करेक्शन न केलेला आकडा घ्या आणि सोबत हवेचं तापमान लिहा.

मी स्वतः अशी चाचणी घेतो तेव्हा हॉर्सपॉवरकडे शेवटी बघतो. आधी स्कॅनर. प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंटर, नॉक रिटार्ड, आत येणाऱ्या हवेचं तापमान, बूस्ट आणि फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलात केलेली कमी-जास्त). मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, तिथला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्बडा सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि तो आणखी पेट्रोल घालायला लावतो. अनुभवी माणूसही इथे इंजेक्टरवर संशय घेतो. न जळलेलं पेट्रोल पुढे एक्झॉस्ट स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं, आणि तो बदलण्याचा खर्च इथल्या गॅरेजवाल्यांना मी सांगायला नको. मिसफायर ईसीयूला कळतो तो क्रँकच्या वेगातल्या बारीक धक्क्यावरून. क्रँकच्या चाकावर बहुधा साठ दात्यांची जागा आणि त्यातले दोन गाळलेले. ठिणगी चुकली की पुढचे दाते क्षणभर उशिरा येतात. खड्ड्यातून जातानाही तसाच धक्का बसतो, म्हणून खराब रस्त्यावर काही ईसीयू ही मोजणी थांबवतात. आपल्याकडे लॉग वाचताना हे डोक्यात ठेवावं लागतं.

कंपनीच्या मूळ बूस्टवर, नवे प्लग टाकलेल्या धडधाकट गाडीत, कॉइल बदलून मला दिसलेला फरक डायनोच्या दोन फेऱ्यांमध्ये एरवीही पडतो तेवढाच. थोडक्यात, काही नाही. रीमॅप करून बूस्ट वाढवलेल्या गाडीत चित्र बदलतं. टॉर्क जिथे सर्वात जास्त तिथे काउंटर हलायला लागतात, आलेखावर करवतीसारखे दाते दिसतात. तिथे गॅप ०.७ वरून ०.६ केली की बहुतेक वेळा काम होतं, फिलर गेजच्या किमतीत. त्यानेही भागलं नाही तर, आणि तरच, कॉइल. तेव्हा कॉइल ताकद वाढवत नाही, मिसिंगमुळे गळणारी ताकद परत मिळवून देते.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यातली दोन इथे घेतली आहेत.)

एका विद्यार्थ्याने विचारलं, की मग जोरदार ठिणगीचा उपयोग कुठेच नाही का? आहे. मिश्रण पातळ असेल, ईजीआरने जळका वायू परत आत घेतला असेल किंवा गाडी आयडलला असेल, तेव्हा ज्योतीची पहिली कळी फुलायला वेळ लागतो आणि दर फेरीला तो वेळ वेगळा असतो. लांब टिकणारी, जास्त ऊर्जेची ठिणगी ती अनियमितता कमी करते, आयडल गुळगुळीत होतं. पण पूर्ण बूस्टवर मिश्रण दाट आणि खळबळतं असतं. एकदा पेटलं की पुढचं काम ते स्वतः करतं.

मागे बसलेल्या एका काकांनी ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, विचारलं. इथेनॉलमुळे ठिणगीला विशेष अडचण नाही. कडाक्याच्या थंडीत पहिला स्टार्ट थोडा जड जाऊ शकतो. चाचणीत गडबड होते ती ऑक्टेनमुळे, म्हणजे इंधनाच्या नॉकिंग टाळायच्या क्षमतेमुळे. ई२० चं ऑक्टेन जास्त, नॉकिंग कमी, म्हणून ईसीयू टायमिंग पुढे ठेवतो आणि गाडी त्यानेच बदलते. टाकीत आधीचं वेगळं पेट्रोल असेल, मध्ये भर पडली असेल, तर जुन्या आणि नव्या भागाची तुलना वेगवेगळ्या इंधनावर होते. म्हणून सगळ्या फेऱ्या एकाच टाकीवर घ्या, शक्यतो एकाच दिवशी, आणि पंपाची पावती लॉगच्या कागदाला स्टेपल करून ठेवा. महिन्याभराने कोणती फेरी कोणत्या पेट्रोलवर होती, ते कुणालाही आठवत नाही.