मेलबर्नची बातमी पुण्यात, पुण्याची बातमी मेलबर्नमध्ये

(मंडळाच्या मेलबर्नमधल्या मेळाव्यात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आटोपशीर करून.)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका मराठी पेपरच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, क्राइमचं पान लावायचो, त्यामुळे बोलायला सांगितलं तेव्हा ठरवलं की मला आतून माहितीये तेच बोलायचं, म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाची बातमी बनते कशी. इथे बाहेरचे तुम्ही, आणि पुण्यात बिहारचा, मणिपूरचा, नायजेरियाचा माणूस, आणि पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातच असलेला पारधीसुद्धा.

२००९ पासून सुरू करतो, तुमच्यातले काही जण तेव्हा इथेच होते. भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, ३१ मेला हजारो मुलं मोर्चा काढून फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनपाशी रस्त्यावर बसली, आणि पुढे कित्येक दिवस आपल्या चॅनेलांवर तेच. पुण्यात ज्यांची मुलं इकडे होती त्या आईवडिलांची झोप उडालेली. राग अगदी रास्त होता, कारण इथल्या पोलिसांनी उलट मुलांनाच सल्ला दिला होता की ट्रेनमध्ये आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, महागाच्या वस्तू दाखवत फिरू नका. मग जानेवारी २०१० मध्ये इथल्याच यारव्हिल उपनगरात नितीन गर्गचा खून झाला, २१ वर्षांचा मुलगा, बागेतून कामावर चालला होता.

पण त्याच महिन्यात दुसरी एक बातमी आली, एका भारतीयाला हल्लेखोरांनी पेटवलं म्हणून. तीही आपल्याकडे मोठी लागली. नंतर तपासात निघालं की इन्शुरन्ससाठी स्वतःचीच गाडी जाळताना तो भाजला होता. हे मात्र आतल्या पानावर, चार ओळीत. २०११ मध्ये इथल्या क्रिमिनॉलॉजी इन्स्टिट्यूटचा, म्हणजे गुन्हेगारीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचा, रिपोर्ट आला, त्यात होतं की भारतीय विद्यार्थ्यांना मारहाणीचं प्रमाण सर्वसाधारण लोकांइतकंच किंवा कमी, पण मोठ्या राज्यांत भारतीय मुलांना लुटण्याचं प्रमाण जास्त, आणि त्यातलं बरंच काही रात्रीची दुकानं, पेट्रोल पंप, टॅक्सी अशा कामांशी जोडलेलं. हल्ल्यामागे वंशद्वेष होता की नाही हे त्या आकडेवारीवरून ठरवता येत नाही, असंही त्यांनी लिहिलं. म्हणजे खरी बातमी होती ती फी भरायला रात्रपाळी करणाऱ्या, स्वस्त भाड्यासाठी लांब राहणाऱ्या, शेवटच्या ट्रेनने एकट्याने घरी जाणाऱ्या मुलाची. ती ना इथल्या पेपरांनी नीट सांगितली ना आपल्या. त्यांना शहराचं नाव सांभाळायचं होतं आणि आपल्याला गोरा व्हिलन पाहिजे होता.

आता २००९ च्या त्या मोर्चाच्या सव्वा वर्ष आधीचं पुणं आठवा. फेब्रुवारी २००८, उत्तर भारतीयांना मारहाण सुरू झाली, आणि पुण्यातून, नाशिकमधून कामगार मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाले. त्यावर बांधकामं अडल्याच्या, कारखान्यांना माणसं मिळत नसल्याच्या बातम्या आल्या, सगळ्या आपल्या अडचणीच्या. स्टेशनवर बायको-पोरं घेऊन बसलेल्या माणसाला नाव-गाव विचारून, तू कुठे राहत होतास, तुझा पगार बुडाला का, असं किती ठिकाणी छापून आलं? फार कमी. ऑगस्ट २०१२ मध्ये परत तेच. आसामच्या दंगलीनंतर पुण्यात ईशान्येकडच्या काही मुलांना मारलं, मोबाइलवर खोटे फोटो आणि एसएमएस फिरले, आणि पुण्याहून, बंगळुरूहून हजारो मुलं निघून गेली, शेवटी सरकारला बल्क, म्हणजे एकगठ्ठा पाठवले जाणारे, एसएमएस बंद करावे लागले. कॉल सेंटरला, हॉटेलात, पार्लरमध्ये आपल्याला रोज भेटणारी मुलं ही, पण पेपरात त्यांची पहिली ओळख झाली ती पळून जाणारी गर्दी म्हणून.

डेस्कवर हे कसं होतं सांगतो. पोलिसांची प्रेस नोट येते, त्यात आरोपीचं नाव, वय, मग ‘सध्या रा. हडपसर, मूळ रा.’ आणि पुढे गाव. मूळ गाव सातारा असेल तर ते कंसातच राहतं. बिहार असेल तर हेडिंगमध्ये चढतं, आणि नायजेरिया असेल तर नाव गाळून नुसता देश उरतो. रात्री अकराला पान सोडायचं असतं, कुणी बसून द्वेष करत नाही, सवयीने होतं, आणि म्हणूनच ते मोडायला अवघड. पारध्यांचं तर विचारूच नका. इंग्रजांनी १८७१ मध्ये अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी दरोड्याच्या बातमीत समाजाचं नाव आजही येतं. प्रेस कौन्सिलचे, म्हणजे भारतातल्या पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे, नियम सांगतात की जातीचा उल्लेख शक्यतो टाळा, पण नियम डेस्कवर पोचत नाहीत.

आणि आता तुमच्याकडे. २०१८ च्या जानेवारीत इथला एक केंद्रीय मंत्री, पीटर डटन, म्हणाला की आफ्रिकन गँगांमुळे मेलबर्नचे लोक रात्री रेस्टॉरंटला जायला घाबरतात. सुदानी पोरांचे फोटो महिनोन्‌महिने टीव्हीवर. ते फोटो तेव्हा पुण्यातल्या मराठी फॅमिली ग्रुपवरसुद्धा आले, इथल्याच नातेवाइकांनी पाठवलेले, ‘आमच्याकडे बघा काय चाललंय’ म्हणून. मला त्याचं फार वाईट वाटलं. ज्यांच्या मुलांना २००९ मध्ये ‘मोठ्याने बोलू नका’ असं सांगितलं गेलं त्यांनी तरी हे पुढे पाठवायला नको होतं, मनापासून सांगतो.

भाषण झाल्यावर एका ताईंनी विचारलं की चुकीचं छापून आलं तर करायचं काय, त्याचं उत्तर इथे लिहून ठेवतो. भारतातल्या पेपरविरुद्ध असेल तर आधी संपादकांना पत्र लिहा, दाद नाही लागली तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करा, दैनिकासाठी बातमी छापल्यापासून २ महिन्यांच्या आत, कात्रण आणि संपादकांच्या पत्राची कॉपी जोडून. टीव्ही चॅनेल त्यांच्या अखत्यारीत येत नाहीत, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. इथल्या पेपरांसाठी ऑस्ट्रेलियन प्रेस कौन्सिल आहे. आणि तक्रार आपल्या माणसाबद्दलच्या बातमीचीच पाहिजे असं काही नाही, त्या सुदानी मुलाबद्दलच्या बातमीचीही तुम्ही करू शकता.