वीस मिनिटांत एकाचे दोन, मग चाळीसचं काय?

नमस्कार मंडळी, आज एक हिशोब घालतो, बघा जमतो का. आपल्या आतड्यात राहतो तो ई. कोलाय बॅक्टेरिया, त्याला खायला भरपूर आणि 37 डिग्रीची ऊब मिळाली की वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. पण त्याच्या डीएनएची अख्खी कॉपी काढायला लागतात साधारण 40 मिनिटं. अक्षरं 46 लाखांच्या आसपास, एकाच जागेवरून दोन मशिनी उलट्या दिशांना सुटतात, सेकंदाला हजारेक अक्षरं उरकतात, तरी 40! मग हे वीस मिनिटांचं गणित बसतं कसं?

तर हा पठ्ठ्या पहिली कॉपी पुरी व्हायची वाटच बघत नाही, ती अर्ध्यात असतानाच दुसरी चालू करतो, म्हणजे पोरं अजून वेगळी झाली नाहीत तोवर नातवंडांच्या डीएनएचं काम सुरू. 1968 साली कूपर आणि हेल्मस्टेटर या दोघांनी हे कोडं सोडवलं. सुरुवात करून देणारं प्रोटीन म्हणजे डीएनए-ए, ते ठरलेल्या जागी गोळा होतं आणि तिथला पीळ उसवतो, आणि लगेच परत सुरुवात होऊ नये म्हणून दुसरं एक प्रोटीन ती जागा थोडा वेळ झाकून बसतं.

आता एकाचे दोन करायला पेशी कापायची कुठे? मधोमध, पण मध्य सांगणार कोण, पट्टी थोडीच आहे त्याच्याकडे? मला विचाराल तर खरी मजा इथंच आहे. मिन नावाची प्रोटीनं या टोकाकडून त्या टोकाकडे सारखी ये-जा करतात, मिनिटभरात एक फेरी होते, मायक्रोस्कोपखाली चमकवून बघितलं तर कधी डावं टोक उजळतं कधी उजवं. पेशी कापायची जागा ठरवते एफटीएस-झेड नावाच्या प्रोटीनची रिंग, आणि मिन जिथे जमतात तिथे ती रिंग बनू देत नाहीत, आणि सरासरीने सगळ्यात कमी वेळ मिन असतात मध्यावर, मग रिंग तिथेच बसते आणि त्या जागी नवी भिंत उभी राहते.

डीएनए बिघडला असेल तर सुल-ए नावाचं प्रोटीन ही रिंगच अडवतं, रिपेअर होईस्तोवर पेशी नुसती लांब लांब होत जाते, शेवयांसारखी.

आणि मिन बिघडलं तर? रिंग कधीकधी टोकाशीच बसते आणि एक इवलीशी गोल पेशी तुटून पडते, आत प्रोटीनं आहेत, बाहेर भिंत आहे, फक्त क्रोमोसोम, म्हणजे तो 46 लाख अक्षरांचा डीएनए, तेवढा नाही.